सकाळी लाईट नाही, संध्याकाळी बिबट्या

मी नेमकं काय शिकवते, हे माझ्या सासरच्या माणसांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. 'कॉम्प्युटर शिकवते' म्हटलं की लग्नपत्रिका टाईप करून मागायचे. 'कॉम्प्युटरच्या आतलं शिकवते' म्हटलं की बंद पडलेला रेडिओ पुढ्यात आणून ठेवायचे. पुढेपुढे मी नुसतं 'सायन्सला आहे' म्हणायला लागले. दिवसभर उभं राहून घरी आल्यावर समजावून सांगायचंही त्राण नसायचं.

विषयाचं नाव होतं संगणक रचना. बी.एस्सी.च्या पोरांना पहिल्यांदा डब्याच्या आत डोकवायला लावणारा विषय. खरं तर त्यात अवघड काही नाही. आत एक जण आज्ञा वाचणारा असतो, एक जण बेरीज-वजाबाकी करणारा असतो आणि आकडे ठेवायला कप्पे असतात. वाचणारा एका कप्प्यातली आज्ञा वाचतो, तेवढी पुरी करतो आणि पुढच्या कप्प्याकडे जातो. गाणी, चित्रं, बँकेचा हिशोब, सगळं या एवढ्यावर चालतं. पण पोरं यायची ती रंगीत पडद्याच्या आशेने. त्यांच्या हातात आम्ही द्यायचो एक हिरवी पट्टी. तिच्यावर थोडी बटणं आणि लाल आकडे उमटणाऱ्या बारक्या खिडक्या. याला आम्ही किट म्हणायचो. दर वर्षी पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, कॉम्प्युटर कधी दाखवणार?"

"हाच तो," मी सांगायचे. पोरांचे चेहरे पडायचे.

त्याच्याआधी गेट शिकवायचे. दोन तारांपैकी दोन्हींत वीज असली तरच दिवा लागतो ते एक गेट, एकीत असली तरी लागतो ते दुसरं. एका पोराच्या आईने मला बाजारात गाठून जाब विचारला होता, "आमच्या पोराला दिवसभर गेटावर का वो उभं करता? फी कशाला घेता मग?" तो घरी रोज 'आज गेट केलं' म्हणून सांगायचा.

आमचं कॉलेज जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्याच्या फाट्यापासून आत, उसाच्या शिवारात. मी मंचरला राहायचे. शिकले पुण्यात, लग्न होऊन मंचरला आले आणि मिळाली ती नोकरी धरली. दोन वर्षांत पुण्याकडे कुठेतरी बघू असं ठरवलं होतं. ती दोन वर्षं संपलीच नाहीत.

सांगायचं आहे ते एका वर्षाबद्दल. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भारनियमन म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या कॉलेजची वीज सकाळी जायची आणि दुपारी तीननंतर यायची. जनरेटर होता, पण ऑफिस आणि सभागृहापुरता. लॅबचा भार टाकला की दमेकऱ्यासारखा खोकायचा आणि बंद पडायचा. त्यामुळे प्रात्यक्षिकं तीननंतर. मुलं सुटायची सहाला.

आणि सहाला सुटणं थंडीत धोक्याचं झालं. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्त्यांकडे सरकतो. त्या वर्षी आधी कुत्री गेली, मग एक वासरू गेलं. पोरं लॅबमध्ये येताना रोज नवी बातमी आणायची. कुणी म्हणायचं मादी आहे, दोन पिल्लं आहेत. कुणी म्हणायचं बाहेरून आणून सोडलाय. मी त्यांना म्हणायचे, "बिबट्या राहू द्या, आकडा कुठल्या कप्प्यात ठेवला ते सांगा."

मग एका संध्याकाळी हौसाबाई घास कापायला बांधावर वाकली होती, तिच्यावर त्याने मागून झडप घातली. खांदा फाडला. तिने आरडाओरडा केला, शेजारच्या वावरातली माणसं धावली म्हणून वाचली. ही हौसाबाई म्हणजे माझ्या वर्गातल्या वैशालीची सख्खी चुलती.

दुसऱ्या दिवशीपासून प्रात्यक्षिकाला एकही मुलगी थांबली नाही.

वैशाली वर्गात पुढच्या बाकावर बसायची. बडबडी, काहीशी उद्धट आणि डोक्याने तल्लख. तिच्या शेजारी शाहीन, जुन्नरच्या शिलाई करणाऱ्या घरातली, कमी बोलणारी, अक्षर मोत्यासारखं. दोघी मिळून एका किटवर काम करायच्या. वैशाली बटणं दाबायची आणि शाहीन तिच्या चुका काढायची.

चार-पाच दिवसांनी वैशालीचे वडील, दशरथभाऊ, स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"मॅडम, दाखला पायजे व्हता पोरीचा."

"मधूनच? वर्ष वाया जाईल तिचं."

"जाऊंद्या. आमचं तुमच्यावर काय म्हणणं न्हाई. पोरगी हुशार हाय, ठावं हाय आमाला. पण ती सहाला सुटती, फाट्यावरनं वस्तीवर यायला अंधार व्हतो. दोन्ही बाजूला ऊस. भावजय माझी अजून दवाखान्यात हाय." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तुमी गॅरंटी घेता का, सांगा. घेत आसाल तर ऱ्हाऊंद्या दाखला."

मी कसली गॅरंटी घेणार? मी त्यांना एवढंच म्हटलं, की आठ दिवस द्या. मुलींची प्रात्यक्षिकं सकाळी घेते.

"सकाळी लाईट नसती ना तुमच्यात?"

"ते मी बघते."

बघते म्हटलं खरं. प्राचार्यांकडे गेले, ते म्हणाले वीज कार्यालयात जा. तिथले साहेब भले गृहस्थ होते. चहा दिला आणि सांगितलं, "मॅडम, तुमच्या लाईनवरच शेतीचे पंप आहेत. तुम्हाला सकाळी दिली तर कुणाचंतरी पाणी तोडावं लागेल. कुणाचं तोडू, तुम्हीच सांगा." मी चहा संपवून उठले. परत येताना एसटीत बसायला जागा मिळाली, तेवढंच त्या दिवसाचं सुख. तोवर दोन मुलींनी दाखले नेलेही होते. एक आणे गावच्या पठारावरची मनीषा. तिच्याकडे बिबट्याचं एवढं भय नव्हतं, पण शेवटची एसटी चुकली तर थांबायचं कुठे, हा प्रश्न होताच, आणि घरच्यांना निमित्त पुरलं. ती पुन्हा आली नाही.

सकाळची पहिली बॅच भरली. बंद किट समोर ठेवून मी फळ्यावर चौकोन काढून शिकवायला लागले. आज्ञा अशी येते, अशी जाते. मुली माना डोलवत होत्या आणि काहीही कळत नव्हतं हे मला दिसत होतं. मधेच वैशाली म्हणाली, "मॅडम, म्हणजे ह्या डब्यात आपलं ऐकायला कुणी बसलंय का? कोण वाचतंय, कोण करतंय, काय पत्ता लागत न्हाई."

मी त्या दिवशी इतकी कंटाळले होते, की तिला म्हटलं, "कुणी बसलेलं नाही ना? मग तूच बस."

वर्ग हसला. वैशाली मात्र खरंच उठली. "कुठं बसू?"

तिथून ते सुरू झालं. मी काही ठरवून केलं नाही. वर्गात जागा पुरेना म्हणून आम्ही मागच्या लिंबाच्या झाडाखाली गेलो. जमिनीवर खडूचे चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात एक जण उभा, हातात पाटीसारखा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एक आज्ञा नाहीतर एक आकडा. हे झाले कप्पे. वैशाली मधोमध, तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावर चालू बेरीज. शाहीन एका चौकोनातून दुसऱ्यात चालत जायची आणि तिथली आज्ञा मोठ्याने वाचायची. एका मुलीच्या ओंजळीत खडे. प्रत्येक फेरीला तिने एक खडा टाकायचा. खडे संपले की शेजारणीने लाल रुमाल वर करायचा. मुली कमी पडल्या म्हणून मुलांनाही बोलावलं. गणेश नावाचा एक उंच, सुस्त मुलगा होता, त्याच्या हातात स्टीलचं ताट आणि चमचा दिला. तो ताट वाजवेल तेव्हाच सगळ्यांनी एक पाऊल टाकायचं. खऱ्या यंत्रात हे ठोके इतके भराभर पडतात की मोजता येत नाहीत. आमचा गणेश जांभई द्यायचा आणि अख्खा प्रोसेसर थांबायचा.

प्राचार्य ताटाच्या आवाजाने बाहेर आले. "हे काय, गोंधळ घातलाय का?"

"सर, प्रात्यक्षिक आहे."

"कशाचं?"

"बेरजेचं."

ते थोडा वेळ बघत राहिले आणि आत गेले. नंतर त्यांनी मला कळवलं की ताटाऐवजी टाळी वाजवावी, शेजारी गणिताचा तास असतो.

आठ दिवस संपले त्या सकाळी दशरथभाऊ आले. दाखल्यासाठीच आले होते. मी खेळाच्या मध्यात होते म्हणून त्यांना खुणेनेच थांबा म्हटलं. ते बाजूच्या बुटक्या भिंतीवर टेकले.

त्या दिवशीचा प्रोग्रॅम पोरांनीच लिहिला होता. पाच कप्प्यांतल्या आकड्यांची बेरीज. टाळी पडत होती, शाहीन चालत होती, वैशाली बेरीज पुसून नवी लिहीत होती. पाच आकडे झाले. ओंजळीतले खडे संपले, लाल रुमाल वर गेला. आणि शाहीन थांबली नाही. पुढच्या चौकोनावर लिहिलं होतं 'पहिल्या आज्ञेकडे जा', ती गेली. परत सगळं सुरू. खडेवालीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालू द्या. सहावी फेरी, सातवी फेरी, आठवी. वैशालीच्या पुठ्ठ्यावरचा आकडा भलताच फुगला. ऊन चढलं. गणेशच्या टाळ्या मऊ पडल्या.

"ह्ये थांबत का न्हाई?" भिंतीवरून दशरथभाऊंनी विचारलं.

वैशालीने कपाळावरचा घाम पुसला. "आण्णा, खडं शून्य झालं तर थांब, आसं लिव्हायचंच ऱ्हायलं. नुसतं 'परत जा' लिवलंय."

"आगं पण रुमाल दिसतोय की तिला. शाणं माणूस थांबंल का न्हाई?"

"ह्यात शाणं माणूस कुणी नसतं, आण्णा. सांगितलं तेवढंच करायचं. इचारायचं न्हाई."

ती हे यंत्राबद्दल म्हणाली. म्हणजे मला तेव्हा तसंच वाटलं. पोरांनी पुठ्ठा बदलला, 'रुमाल खाली असेल तर परत जा' असं लिहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या खेपेला रुमाल वर गेल्यावर शाहीन पुढच्या चौकोनात गेली, 'थांब' म्हणून वाचलं आणि थांबली. सगळे मटकन खाली बसले. मी भिंतीकडे बघितलं तर दशरथभाऊ निघून गेले होते. दाखला मागितला नव्हता.

पुढचे काही आठवडे आम्ही तसंच चालवलं. सकाळी मुली झाडाखाली, दुपारी मुलं लॅबमध्ये किटवर. मला दोन्हीकडे उभं राहावं लागायचं. घरी गेल्यावर पाय उशीवर ठेवून पडायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, आता खरंच पुण्याकडे बघू. ते 'बघू' म्हणायचे.

प्रात्यक्षिक परीक्षा मात्र किटवरच द्यावी लागणार होती. झाडाखालच्या चालण्याला विद्यापीठात गुण नाहीत. परीक्षकांनी डोळ्यांनी लाल आकड्यात उत्तर बघायचं आणि सही करायची. त्या वर्षी परीक्षा लांबत लांबत ऐन थंडीत आली. पुण्याहून आलेले परीक्षक अबोल, पोटाच्या विकाराने हैराण झालेले गृहस्थ होते. मी त्यांना मुलींची अडचण सांगितली. ते लगेच म्हणाले, "मुलींना आधी घेऊ." त्यांच्या हातात तेवढंच होतं.

त्या दिवशी तीनला वीज आली नाही. चारला नाही. मुली किटपुढे बसून होत्या, बोटं मांडीवरच बटणं दाबत होती. पाच वाजत आले तेव्हा पंखा हलला आणि सगळ्या एकदम ओरडल्या.

किट मोजकेच चालू होते, म्हणून पाळीपाळीने घ्यावं लागलं. शाहीनचं लवकर झालं. तिला न्यायला तिचा भाऊ आला होता, पण वैशालीचं झाल्याशिवाय निघायचं नाही म्हणून ती दारात उभी राहिली. वैशाली शेवटच्या बॅचला. तिने सगळा प्रोग्रॅम भरला, शेवटचं बटण दाबायला बोट उचललं आणि दिवे क्षणभर मिचकावले. नुसते मिचकावले. पण या किटचं एक दुखणं आहे. वीज क्षणभर जरी गेली तरी भरलेलं सगळं पुसलं जातं. शेजारच्या मुलीने तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागली. खिडकीबाहेर ऊस काळा दिसायला लागला होता.

"सर, परत भरू?" वैशालीने विचारलं.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "वेळ आहे का तुला? घरचे..."

"भरते."

तिने कागदाकडे बघितलं नाही. ओठ हलत होते. मला कळलं ती काय पुटपुटतेय ते. पहिल्या चौकोनात कोण उभं होतं, दुसऱ्यात कोण, गणेशची टाळी, शाहीनचं पाऊल. आकडा बरोबर आला. परीक्षकांनी सही केली. मग ती शेजारच्या मुलीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "रडू नको, मी सांगते तसं चाल," तेव्हा परीक्षक खिडकीबाहेर बघायला लागले आणि मुलीचं भरून होईपर्यंत बघत राहिले.

बाहेर आलो तर कॉलेजच्या आवारात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत चार-पाच बाप, काठ्या, बॅटऱ्या, आणि पुढच्या बाजूला खांद्याला पट्टी बांधलेली हौसाबाई. स्टिअरिंगवर दशरथभाऊ.

"पाचपस्नं हितंच हाय," ते म्हणाले. "सगळ्यांच्या पोरी ह्यातच घ्या. एकेकीला वस्तीवर सोडतो."

परीक्षकांना फाट्यावर एसटी पकडायची होती. ते बूट सांभाळत ट्रॉलीत चढले. हौसाबाईने त्यांना दंडाला धरून मध्ये बसवलं. "पावणं, तुमी मधी बसा. कडंला नगं. मी बसते कडंला, मला वळखतोय त्यो."

मुली हसल्या. त्या आठवड्यांत मी त्यांचं तसलं हसणं ऐकलं नव्हतं. ट्रॅक्टर हलला तसं दशरथभाऊंनी मागे वळून विचारलं, "साहेब, आमची पोरगी पास का?"

"ते असं आधी सांगता येत नाही हो."

"मंग हितंच उतरता का?"

परीक्षक हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

निकाल पुढे लागला. वैशाली पास झाली, शाहीनही. वैशालीने पदवी पुरी केली, काही वर्षं पुण्यात यंत्रांच्या आतल्या हिरव्या पट्ट्या तपासायच्या कामाला होती, मग लग्न होऊन कळंबला आली. आता तिथे शाळेत शिकवते. शाहीन पुढे शिकली, परगावी गेली, सणाला फोन करते. आणि बाकीच्या? ज्यांनी दाखले नेले त्या गेल्याच. दोन-चार वर्षांनी अभ्यासक्रम बदलला, किट अडगळीत गेले, सगळं पडद्यावरच दिसायला लागलं. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. लिंबाखाली मी त्यानंतरही बऱ्याच वर्षांच्या पोरांना चालवलं, पण गुडघे दुखायला लागल्यावर चौकोन काढायचं काम पोरांवरच सोपवलं. पुण्याकडे काही गेले नाही. तो विषय घरात कधी बंद झाला तेही आठवत नाही.

त्या संध्याकाळचं मात्र थोडं सांगायचं राहिलं. फाट्यावर परीक्षक उतरले, त्यांना लगेच गाडी मिळाली. मीही उतरले. माझी मंचरची एसटी यायची होती. मुलींनी हात हलवले, ट्रॅक्टर वळला आणि वस्तीच्या रस्त्याला लागला. मी रोज उभी राहायचे तिथे उभी राहिले. चहाची टपरी बंद झाली होती. मागे ऊस, समोर अधूनमधून ट्रकचे दिवे. खरं सांगते, मला भीती वाटायची. सगळ्या थंडीत वाटली. पण ती कुणाला सांगावी असं कधी सुचलंच नाही, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

थोडं पुढे जाऊन ट्रॅक्टर थांबलेला दिसला. मग मागे मागे आला. दशरथभाऊंनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून माझ्यापासून चार हातांवर काठी टेकून उभे राहिले.

"जा तुम्ही, भाऊ. पोरी ताटकळतील. माझी येईलच गाडी."

"येऊंद्या की मंग. तवर आमी हाय."

"अहो, मी रोजच उभी असते इथे."

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "रोज उभ्या ऱ्हाता, आन् आमी निसतं आमच्याच पोरींचं बघितलं. तुमीबी कुणाची तरी पोरगीच हाय न्हवं."

 ट्रॉलीतून कुणीतरी बॅटरी माझ्या पायापाशी धरून ठेवली. गाडी यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा मी चढले, खिडकीपाशी बसले, आणि बसल्याबसल्या जो डोळा लागला तो मंचर आल्यावर कंडक्टरने हाक मारली तेव्हाच उघडला.